खानदेशात ४३, आमच्याकडे ३३, तरी घोडी इथेच का धापते?

आमची ठमी सारंगखेड्याच्या बाजारातली. दत्तजयंतीला तापीच्या काठी जो घोडेबाजार भरतो ना, तिथून आणलेली. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले होते, ताई हिला उन्हाचं काय सांगता, धुळ्याच्या उन्हात वाढलेली घोडी आहे ही. आणि ते काही खोटं नव्हतं. पण तीच घोडी आमच्या रेवदंड्याजवळच्या वाडीत मे महिन्यात सकाळी दहाला आंब्याच्या सावलीत नुसती उभी असते आणि मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस, मानेवरून घाम निथळतोय, नाकपुड्या फुललेल्या. वाडीत राहायला येणारे पाहुणे दर वेळी विचारतात की हिला आजारबिजार आहे का, आणि मी दर वेळी तेच सांगते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आजार नाहीये. घाम येतोय पण वाळत नाहीये, एवढंच आहे, आणि किनाऱ्यावर घोडा ठेवायचा तर सगळा खेळ या एका गोष्टीभोवती आहे.

घोडेवाल्यांचा एक ठोकताळा आहे, जगभर वापरतात. हवेचं तापमान फॅरनहाइटमधे घ्यायचं आणि त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवायचा. बेरीज १३० च्या आत असेल तर घोडा स्वतःला आरामात थंड ठेवतो, १५० च्या वर गेली की त्याला आपली मदत लागते, आणि १८० च्या पुढे काम करवूच नये. आता हिशोब करा. खानदेशात ४३ अंश म्हणजे साधारण १०९ फॅरनहाइट, आर्द्रता समजा १५, बेरीज १२४. आमच्याकडे ३३ अंश म्हणजे ९१, आर्द्रता ७०, बेरीज १६१! मृग लागायच्या आधीचे ते मळभाचे दिवस घ्या, ३२ अंश आणि ८० टक्के, म्हणजे सरळ १७०. अर्थात ठोकताळा तो ठोकताळाच, त्यात ऊनही नाही धरलेलं आणि वाराही नाही. धुळ्याच्या ४३ मधे भर उन्हात घोडा पळवला तर तोही आडवा होईलच, आणि आमच्याकडे जुलैत बेरीज १७४ येते तरी ऊन नसतं, झोडपणारा पाऊस आणि वारा असतो म्हणून ठमी मजेत असते. पण मोबाइलवर नुसता ३३ चा आकडा बघून "आज बरंय" म्हणणारे जे आहेत त्यांच्यासाठी ही बेरीज चांगली आहे.

घोड्याच्या घामाबद्दल थोडं सांगते कारण तो आपल्या घामासारखा नसतो. घोड्याचे स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातली जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीत जाते, बाकी सगळी उष्णता. अंग एवढं मोठं आणि वजनाच्या मानाने कातडी कमी, मग ती उष्णता बाहेर टाकायची कुठून? मुख्य रस्ता घामाचा. मोठा घोडा गरमीत जोरात पळवला तर तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. त्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं, ते साबणासारखं काम करतं, त्याच्यामुळे घाम तेलकट केसांवरून नीट पसरतो आणि लवकर वाळतो. खोगिराच्या कडेला, लगाम घासतो तिथे, मांड्यांच्या मधे जो फेस दिसतो तो याच्यामुळेच. पसरून वाळला तरच घाम थंडावा देतो. खाली टपकलेला प्रत्येक थेंब फुकट गेला, पाणीही गेलं आणि मीठही गेलं आणि अंग होतं तेवढंच तापलेलं. आमच्या हवेत आधीच एवढं बाष्प की घाम वाळायला जागाच नाही, म्हणून टपकतो. म्हणून बघणाऱ्याला वाटतं बापरे किती घाम येतोय, म्हणजे छान गार होत असेल. उलट आहे हो.

मग करायचं काय, तर जे काम घामाने करायचं ते पाण्याने करायचं. भरपूर पाणी आणि वारा. बस.

पण इथेच आमच्याकडे मोठा वाद आहे. शेजारचे एक काका, त्यांच्या घरात पूर्वी टांगा होता, मी ठमीवर पाइप धरला की कुंपणापलीकडून ओरडतात, "अगो बाय, गरम घोऱ्यावं थंड पानी नको वतू, आखरंल ती!" ही समजूत काही फक्त आगरातली नाही, देशावर ऐकाल, राजस्थानात ऐकाल, इंग्रजांच्या जुन्या तबेल्यांमधेही हेच होतं की तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात, घोडा लुळा पडतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधे क्रॉस-कंट्रीच्या घोड्यांचे गरमीने हाल झाले, आणि पुढचं ऑलिम्पिक १९९६ ला अटलांटात, म्हणजे तिथे तर आपल्यासारखीच दमट हवा, म्हणून शास्त्रज्ञांनी मधल्या काळात याचा पद्धतशीर अभ्यास केला. निष्कर्ष असा की गार पाणी, अगदी बर्फाचं सुद्धा, सगळ्या अंगावर भराभर ओतलं तर घोडा सगळ्यात लवकर थंड होतो आणि स्नायूंना काही होत नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणतात अमेरिकेतले घोडे वेगळे. बरं.

आम्हाला बर्फाची गरज पडत नाही. विहिरीचं पाणी साधारण २७ च्या आसपास असतं आणि तापलेली घोडी ३९-४० ला, एवढा फरक पुरे, पाणी मात्र कंजूषपणा न करता लागतं. मान, छाती, पाठ, पुठ्ठा, पोटाखालून, मांड्यांच्या आतून, सगळीकडे. पूर्वी सांगायचे की पाणी टाका, मग पट्टीने निपटून काढा, मग परत टाका, कारण अंगावरचं पाणी गरम होऊन तिथेच राहतं. आता असं सांगतात की पाणी सलग ओतत राहिलात तर निपटायची गरज नाही, नवीन पाणी जुन्याला ढकलतंच, निपटण्यात उगाच वेळ जातो. माझी खूण एकच, पोटाखाली तळहात धरायचा. सुरुवातीला जे पाणी पोटावरून ठिबकतं ते चक्क कोमट लागतं, अंघोळीच्या पाण्याएवढं. ओतत राहायचं. काही मिनिटांनी तळहातावर पडणारा थेंब विहिरीच्या पाण्याइतका गार लागायला लागला की समजायचं उष्णता निघाली. मग दहा मिनिटं चालवायची, आणि परत छातीला हात लावून बघायचं, कारण आतली गरमी परत वर येते.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, पाठीवर ओलं गोणपाट टाकून ठेवणं. पद्धत जुनी आहे, हेतू चांगला आहे, पण ते गोणपाट बघता बघता अंगाच्या गरमीने तापतं आणि मग वाऱ्याला आत येऊ देत नाही, म्हणजे आपण घोड्याला गोधडीच पांघरली. दुसरं ते ऑनलाइन मिळणारे फॉगर. नागपूरला लावा, विदर्भात कूलर चालतो तसं तेही चालेल. इथे बंद शेडमधे फॉगर लावलात तर तो बारीक धूर हवेतच तरंगत राहतो, घोड्याच्या कातडीपर्यंत पोचतच नाही, आणि आर्द्रता अजून वाढते. त्याऐवजी घोडा चिंब भिजवा आणि समोर एक फर्राटा पंखा लावा. वायर उंचावरून घ्या आणि अर्थिंग नीट आहे ना बघा, ओल्या फरशीवर नाल ठोकलेला घोडा उभा असतो हे विसरू नका.

मे महिन्यात विहीर खाली जाते तेव्हा एवढं पाणी आणायचं कुठून हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे ठमीला जांभ्याच्या फरशीवर धुतो आणि पाट काढून ते पाणी माडांच्या आळ्यात सोडलंय, त्यामुळे घरात कोणी कुरकुर करत नाही. फरशी हवीच, रोज चिखलात उभी राहिली तर खूर आतून कुजायला लागतात आणि पावसाळ्यात तो त्रास निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

समुद्राचं काय, हा पुढचा हमखास प्रश्न. संध्याकाळी पाण्यात पोटापर्यंत उभी केली की ठमी खूष असते आणि थंडही होते, वारा असतोच. पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवायचं नाही. खारं पाणी वाळलं की तंगाखाली (खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा), बगलेत मिठाचे कण आणि वाळू राहते, त्यावर दुसऱ्या दिवशी तंग आवळला की कातडं सोलवटलंच म्हणून समजा. एकदा तिथे जखम झाली की दमट हवेत बरी व्हायला आठवडे लागतात आणि माशा वेगळ्याच.

आता मीठ. माझ्या मते पाण्यानंतर सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडे होतं. आपला घाम आपल्या रक्तापेक्षा पातळ असतो, म्हणून घाम गेला की रक्त घट्ट होतं आणि आपल्याला तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच किंवा त्याहून जास्तच खारट असतो. सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम भसाभस जातं. पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरीने गेल्यामुळे मेंदूला पत्ताच लागत नाही की अंग सुकलंय, आणि पार निथळलेला घोडा बादलीला तोंड लावून परत फिरतो! लोक म्हणतात बघा त्याला तहान नाही. असं झालं तर त्याला आधी थोडं मिठाचं पाणी द्यावं, लिटरला ९ ग्रॅम मीठ, चिमूटभर गूळ टाकला तरी चालतो, आणि शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवावी. मीठ पोटात गेलं की तहान जागी होते आणि मग साधं पाणी भरपूर पितो. सुकलेल्या घोड्याला नुसती इलेक्ट्रोलाइटची पेस्ट तोंडात कोंबायची आणि पाणी द्यायचं नाही, हे मात्र उलटं करणं झालं.

रोजचं म्हणाल तर ५०० किलोच्या घोड्याला काम नसतानाही २५-३० ग्रॅम मीठ लागतं, घाम गाळणाऱ्याला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. आपले देशी घोडे, टांग्याचे घोडे याहून बरेच हलके असतात, त्या हिशोबाने कमी. मी साधं मीठ चंदीत सकाळ-संध्याकाळ विभागून देते आणि सैंधवाचा एक दगड गव्हाणीशी टांगलाय, पण नुसत्या दगडावर विसंबू नका, मूड असला तर चाटतात. खायचा सोडा घालू नका. घोडा घामातून क्लोराइड इतकं घालवतो की त्याचं रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं, त्यात सोडा म्हणजे भलतंच. (आणि सोलकढी पण नको. विचारलंय एका पाहुण्यांनी.)

पाणी कमी प्यायलं की पुढचा त्रास पोटाचा. लिदीच्या गोळ्या छोट्या, कडक, वरून चकचकीत दिसायला लागल्या की आतडी कोरडी पडतायत, तिथेच सावध व्हायचं, नाहीतर कॉलिक, म्हणजे घोड्याची जीवघेणी पोटदुखी. मेच्या शेवटी आमच्या बाजूच्या विहिरी मचूळ होतात आणि ठमी नाक वाकडं करते, तेव्हा कोंडा पातळ भिजवून देते, गवतही पाण्यातून काढून. चणे उन्हाळ्यात कमी करून जव वाढवायचे ही जुन्या लोकांची रीत, चणा गरम, जव थंड. यात तथ्य आहे, जास्त प्रथिनं पचवताना शरीरात उष्णता जास्त तयार होते. चणे आणि घोडा हे नातं तसं आमच्या गावाचं जुनंच आहे म्हणा, पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन शेजारच्या चौल बंदरात उतरला होता आणि इथले लोक घोड्यांना चणे खाऊ घालतात याची त्याने नोंद केलीय. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. त्याचा घोडा इथल्या उकाड्यात काय करत होता ते नाही लिहिलं त्याने, घाट चढून जुन्नरला घेऊन गेला. शहाणा.

तबेल्याचं थोडक्यात. पत्रा असेल तर वर नारळाची झापं दोन थर, खाली बसणारा फरक हात वर करून सुद्धा कळतो. भिंती पश्चिमेकडून उघड्या ठेवा, दुपारी खारे वारे तिकडूनच येतात, बांधकामवाले मात्र नेमकी तीच बाजू चिऱ्याने बंद करतात कारण पाऊस तिकडून येतो. उन्हाळ्यात उघडं आणि पावसाळ्यात झापांचा आडोसा, हाच उपाय. रात्री मतलई वारे सुटले की घोडा बाहेर मोकळा ठेवावा. डासांसाठी नारळाच्या सोडणांचा धूर करतात तो धापणाऱ्या घोड्याजवळ नको, श्वासावर आधीच ताण असतो.

टांग्यांबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला घोडागाडीने जातात, सगळ्यांना माहितीये. तिथल्या घोड्यांची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. पौर्णिमा-अमावस्येला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी, तेव्हा ठीक. पण अष्टमीच्या आसपास, भांगाला म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, ओहोटी येते नेमकी भर दुपारी, आणि तो मे महिन्यातला शनिवार-रविवार असेल तर गर्दीही तेव्हाच. गाडीवाल्याचं पोट त्या चार तासांवर असतं, त्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण तुम्ही बसणार असाल तर आधी घोड्याच्या बरगडीमागे कुशीकडे बघा. उभा असताना घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. कुस भात्यासारखी हलत असेल, मोजायला सुद्धा जमत नसेल, तर त्या घोड्याला सोडून द्या, दुसरी गाडी घ्या किंवा गुडघाभर पाण्यातून चालत जा, मजा येते. आणि एका गाडीत सहा जण, त्यात दोन काका शंभर किलोचे, हा आग्रह आपण नाही धरायचा.

घरी ठेवणाऱ्यांनी एक थर्मामीटर घेऊन ठेवा, गुदद्वारातून बघायचं. विश्रांतीत ३७.५ ते ३८.५. कामानंतर ४० पर्यंत गेलं तर पाणी ओतायला लागा, ते आधी, फोन नंतर. ४१ म्हणजे जीवावरचं. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरा डाग दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला पाहिजे. कुशीला हृदयाच्या ठोक्याबरोबर उचकीसारखे हिसके बसत असतील तर क्षार बिघडलेत, डॉक्टरांना लगेच बोलवा. ताप आहे पण काम काहीच केलेलं नाही, सकाळच्या गारव्यातही उतरत नाही, तर ती गरमी नाही, दुसरं काहीतरी आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाशांमधून सर्रा नावाचा रक्तातल्या परजीवीचा आजार होतो, तो रक्त तपासूनच कळतो, अंगावर पाणी ओतून नाही जाणार.

आणि शेवटचं, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती असते ते म्हणजे घाम येणंच बंद होणं. एनहायड्रोसिस म्हणतात. इंग्रजांनी थंड मुलुखातले घोडे आपल्या दमट भागांत आणले तेव्हापासून हा त्रास माहीत आहे. महिनोन् महिने घामाच्या ग्रंथींना सतत हाकारा होत राहिला की त्या थकून दाद देईनाशा होतात असं मानतात. घोडा धापतोय, अंग तापलेलं, बाकीचे घोडे निथळतायत आणि हा कोरडा ठणठणीत, फक्त आयाळीखाली आणि तंगापाशी जरासा ओला. पुढे कातडी कोंड्यासारखी सुटते, तोंडावरचे केस विरळ होतात. डॉक्टर कातडीत टर्ब्युटालिनची बारीक सुई देऊन घाम फुटतो का बघतात. खात्रीचं औषध नाही. घोड्याला कोरड्या, थंड हवेत नेलं की बरेचदा घाम परत सुरू होतो, म्हणून आमचं ठरलंय की ठमीच्या बाबतीत तशी शंका जरी आली तरी तिला घाटावर मावशीकडे साताऱ्याला धाडायचं, इथे प्रयोग करत बसायचं नाही. ऑक्टोबरमधे रोज खरारा करताना मी आधी कानामागे आणि मग कुशीत उलटा हात लावून बघते, दोन्हीकडे ओल सारखी आहे ना.

बाकी ज्यांना ठमीवर बसायचंय त्यांनी सकाळी साडेसहाला खाली यावं. नऊनंतर विचारलंत तर नाहीच म्हणणार, बुकिंग कितीही आधीचं असो.